खकाणा आणि दोन रेघा

अंगात ताप असताना कुणी हे वाचत असेल, तर आधी घोटभर पाणी प्या, पांघरूण नीट घ्या आणि मग वाचा. तुम्हाला घाई नाही. मी मात्र घाईनंच सांगणार, कारण हळू सांगणं मला कधी जमलेलंच नाही. आमचे हे म्हणतात, "हिच्या तोंडाला आणि हिच्या मशीनला एकच पायडल हाय."

मशीन म्हणजे शिलाईचं. मी निपाणीत ब्लाऊज शिवते आणि हे तंबाखूच्या वखारीत मुकादम आहेत. ज्यांनी निपाणी पाहिलेली नाही त्यांना एवढंच सांगते, सुगीनंतर वखारींतून तंबाखू चाळायला आणि कुटायला घेतला की आमच्या अख्ख्या गावाला शिंका येतात. त्या वेळी जो बारीक, झोंबरा धुरळा उडतो त्याला आम्ही खकाणा म्हणतो. तो केसांत बसतो, वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो, यांच्या सदऱ्याबरोबर घरातही येतो. घसा खवखवला? खकाणा. डोळ्यांतून पाणी आलं? खकाणा. खोकला? अगं बाई, खकाणाच. आमच्या गावात निदान फुकट मिळतं आणि ते घरोघरी सारखंच असतं.

या फुकटच्या निदानापायी माझी लेक आणि तिच्या पोटातलं बाळ दोघंही संकटात सापडली होती. त्यातून आम्ही कसे बाहेर आलो ते सांगायला बसले आहे.

हिरवी साडी

मयुरी ही माझी एकुलती एक लेक, बेळगावला दिलेली. तिचा सातवा महिना सरत आला आणि डोहाळजेवणासाठी मी तिला माहेरी आणली. कार्यक्रम रविवारी ठरला. मला काय करू नि काय नको असं झालं होतं! भिंतीवर पुठ्ठ्याचा चंद्र लावला, झोपाळा सांगून ठेवला, करंज्यांचं सारण भाजून ठेवलं. हिरवी साडी आणली होती, तिच्यावरचा ब्लाऊज मी स्वतः शिवत होते. गावातल्या बायकांना मी तारखेवर तारीख देते, हे त्या तुम्हाला आनंदानं सांगतील. पण लेकीचा ब्लाऊज वेळेआधी होणार होता.

मंगळवारी घसा धरला, बुधवारी अंग मोडून आलं. मी मिठाच्या गुळण्या केल्या आणि कामाला लागले. मयुरी माझ्याजवळच झोपायची, लहानपणासारखी कुशीत शिरून. "बेळगावात असं डोस्कं चोळून द्यायला कोण हाय गं आई," म्हणायची. आणि मी, खोकत खोकत, तिचं डोकं चोळत बसायची. ते आठवलं की आजही काळजात धस्स होतं.

गुरुवारी भर दुपारी सुईत दोरा जाईना. डोळे मिटून दोरा ओवणारी बाई मी! हाताला कंप, बाहेर ऊन रणरणतंय आणि मला हुडहुडी भरलेली. अंग तर असं दुखत होतं, जणू वखारीतल्या तंबाखूबरोबर मलाही कुटून काढलंय. मयुरीनं माझ्या कपाळाला हात लावला आणि ती किंचाळलीच.

"आई, भाजायलीस की गं!"

"खकाणा गं. सुगी हाय न्हवं?"

"खकाण्यानं शिंका येत्यात. ताप कवा आलता कुणाला? ऊठ, दवाखान्यात चल."

"रविवारी कार्यक्रम हाय आणि दवाखान्यात काय बसू? गेल्या साली उरलेल्या गोळ्या हायत कपाटात, त्या घेतो मी."

तिनं गोळ्यांची पुडी माझ्या हातातून काढून घेतली, रिक्षा बोलावली आणि मला आत बसवलं. सात महिन्यांची गर्भार पोर माझा दंड धरून मला दवाखान्यात नेत होती. खरं तर उलटं व्हायला हवं होतं.

चहा निवेपर्यंत

आमच्या डॉक्टरीणबाई मूळच्या कन्नड मुलखातल्या. मराठी छान बोलतात, पण स्वागत अजून तिकडचंच. "बर्री आक्कार, कुंद्री," म्हणजे या आक्का, बसा.

मी बसल्या बसल्या निदान सांगून टाकलं. "खकाणा हाय, डॉक्टर. एक इंजेक्शन मारा, मला लई कामं हायत."

त्या हसल्या. "निपाणीत आल्यापासून मला एकच पेशंट भेटतोय बघा, त्याचं नाव खकाणा. नाक वर करा."

कोरोनाच्या दिवसांतली ती लांब काडी आठवते ना? तीच, किंवा तिची सख्खी बहीण. नाकातून अशी आत गेली की मला वाटलं आता डोक्यातून बाहेर येते. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग ती काडी इवल्याशा बाटलीत घुसळली आणि त्यातले थेंब पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर सोडले. बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली आणि समोरून माझ्यासाठी चहा मागवला. "हा चहा निवेपर्यंत कळेल," म्हणाल्या.

तुम्हाला सांगते, मला ताप होता, पण मी त्या पट्टीवरून नजर काढली नाही. आजवर आजार म्हणजे आधी औषध आणि मग, बरं वाटलं नाही तर, दुसरं औषध. नाव कधी कळायचंच नाही. आणि इथं माझ्या डोळ्यांसमोर आजार स्वतःचं नाव सांगणार होता! पहिली रेघ उमटली. "ही यायलाच पाहिजे, म्हणजे पट्टी नीट चालते असं समजायचं," बाई म्हणाल्या. मग हळूहळू, आधी असल्या-नसल्यासारखी आणि मग चांगली ठसठशीत, दुसरी रेघ आली.

"दोन रेघा!" मी लॉटरी लागल्यासारखी ओरडले.

मयुरी हसायला लागली. "आई, दिवस गेले तवा मला बी अशाच दोन आलत्या, बेळगावात. तू फोनवर बी अशीच वरडलीस."

डॉक्टरीणबाईही हसल्या, पण त्यांचं लक्ष मयुरीच्या पोटाकडे गेलं आणि त्या हसायच्या थांबल्या.

"आक्का, फ्लू आहे तुम्हाला. गोळ्या देते, आराम केला की बऱ्या व्हाल. ही मुलगी कोण?"

"माझी लेक. डोहाळजेवणाला आलीया."

"तुमच्याच घरात राहते?"

"घरात काय, माझ्या कुशीत झोपती," मी अभिमानानं सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच कळलं मी काय सांगते आहे. बाईंनी उठून मयुरीला मास्क दिला, तिची खुर्ची खिडकीकडे सरकवली. गर्भारपणात हा फ्लू छातीत लवकर उतरू शकतो, आईला दम लागला की बाळालाही सोसावं लागतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मघाशी ज्या दोन रेघांवर मी टाळी पिटली होती, त्यांच्याकडे आता बघवेना.

वेस

घरी आल्यावर मी मागच्या, मशीनच्या खोलीत, दार लावून. मयुरी पुढच्या खोलीत, खिडक्या उघड्या टाकून. मधे आमचे हे, तोंडाला मास्क लावून ताटं नेणारे-आणणारे. वखारीत मोठ्या आवाजात हुकूम सोडणारा माणूस, घरात भात शिजवताना शेजारणीला विचारत होता, पाणी किती घालायचं.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. बेळगावच्या, निवृत्त शिक्षिका, बोलणं नेमकं आणि आवाज कडक. "मयुरीला उद्याच्या उद्या इकडे पाठवा. चार दिवसांत आठवा लागेल. मग तिला वेस ओलांडता येणार नाही."

आमच्याकडे तसंच आहे. आठव्या महिन्यात गर्भार बाई गावाची वेस ओलांडत नाही. शिकलेले लोकही हे पाळतात, मीही पाळते. म्हणजे आता पाठवली नाही तर महिनाभर ती निपाणीतच, फ्लूच्या घरात. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, बेळगावच्या घरी कोण कोण आहे? जावई परदेशी नोकरीला आहेत आणि विहीणबाईंना दमा आहे, मी सांगितलं. "मग नको," त्या म्हणाल्या, "लागण झालीच असेल तर ती लागण घेऊन दम्याच्या माणसाकडे जाईल. ती आहे तिथेच, पण तुमच्यापासून लांब राहू द्या. अंग जरा गरम वाटलं तरी लगेच आणा."

मी हे विहीणबाईंना कळवलं. मग त्या म्हणाल्या, "आम्ही पोरीला हसत पाठवली होती. तुम्ही तिला आजारात लोटलीत." आणि फोन ठेवला.

मला त्यांचा राग आला नाही. त्या खोटं थोडंच बोलल्या होत्या? अर्ध्या शिवलेल्या हिरव्या ब्लाऊजवर डोकं ठेवून मी भरपूर रडले. आजारपणात ज्यांना असं कुणी बोलेल त्यांना माझं सांगणं आहे, रडून घ्या. त्यानं नाक मोकळं होतं, हाही फायदा.

एकच रेघ

शनिवारी सकाळी मयुरीचा घसा दुखू लागला, अंगात कणकण आली. हे तिला घेऊन दवाखान्यात गेले. मी दाराआड फोन हातात धरून येरझाऱ्या घालत होते. देव्हारा पुढच्या खोलीत असल्यामुळे मी मशीनलाच हात जोडले. फोन वाजला.

"एकच रेघ आलीया!" हे ओरडले. "एकच!"

अहो, मी नाचले! अंगात ताप होता तरी नाचले. फ्लू नाही! मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. झोपाळेवाल्याला फोन, शेजारणीला खिडकीतून हाक, आणि सगळ्यात आधी विहीणबाईंना. "एकच रेघ आली! उद्या मी खोलीतच बसते, पण कार्यक्रम होणार!" त्यांचाही आवाज पहिल्यांदा मऊ झाला.

तेवढ्यात हे दोघं परतले, यांच्या हातात गोळ्यांची पट्टी. "तरी बी गोळ्या आजच सुरू करा म्हणाल्यात," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. रोग नाही आणि औषध कशाला? तेही गर्भार पोरीला? मी डॉक्टरीणबाईंना फोन लावून जाबच विचारला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"आक्का, दोन रेघा आल्या तर मी पट्टीचं ऐकते. एकच आली तर पट्टीचं ऐकते आणि मग पेशंटचंही ऐकते. ही पट्टी झटपट सांगते, पण फ्लू असूनही कधीकधी तिला सापडत नाही. आई आजारी, लेक तिच्या कुशीत झोपलेली, आता तिलाही ताप, पोटात बाळ. मी दुसऱ्या रेघेची वाट बघत बसू?"

"पण बाळाला गोळी बाधली तर?"

"गर्भार बायकांना देतात ही गोळी, विचार करूनच देते मी. बाळाला गोळीपेक्षा आईच्या तापाची भीती जास्त आहे. आणि उद्याचा कार्यक्रम नको."

फोन ठेवला तरी माझं समाधान होईना. बंद दाराच्या अलीकडून मी आणि पलीकडून हे, असं आमचं भांडण जुंपलं. मी म्हणत होते, एक दिवस वाट बघू. हे म्हणाले, "तू ब्लाऊज शिवताना कुणी मधी नाक खुपसलं तर चालतंय का तुला? मग त्या डॉक्टरांच्या शिवणात तू कशाला खुपसायलीस?"

"माझी लेक हाय ती!"

"मग माझी कोण हाय?"

पुढच्या खोलीतून मयुरीचा आवाज आला. दमलेला, पण ठाम. "भांडू नका गं. बाळ माझ्या पोटात हाय न्हवं? मी गोळी घेतली बी."

मी मुकाट्यानं झोपाळेवाल्याला परत फोन करून झोपाळा नको म्हणून सांगितलं.

पुठ्ठ्याचा चंद्र

रविवारी, ज्या वेळी माझ्या लेकीनं हिरव्या साडीत झोपाळ्यावर बसायचं, त्याच वेळी ती तापानं फणफणली होती. खोकल्याची ढास थांबेना, श्वास भरभर चालू लागला. बाईंनी ताबडतोब गावातल्या मोठ्या दवाखान्यात भरती करायला सांगितलं. मला जाता येईना. रिक्षा वळणापलीकडे गेली आणि मी, घरात कुणी नसल्यामुळे, पुढच्या खोलीत येऊन त्या पुठ्ठ्याच्या चंद्राखाली बसले. माझ्या कुशीनं तिला हे दिलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दवाखान्यातलं मी यांच्या फोनवरूनच जगले. सिस्टर येऊन बोटाला चिमटा लावायच्या, ऑक्सिजनचा आकडा बघायच्या. सलाइन संपत आलं की हे कॉरिडॉरमधून पळायचे. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली हे सांगताना यांचा आवाज चिरकला. जेवण म्हणून यांनी घरून पेज नेली, मीठ विसरले, आणि पोरीनं नावं न ठेवता ती प्यायली म्हणून मला फोनवर कौतुकानं सांगितलं. तेव्हा कळलं की पोरगी खरंच आजारी आहे. एरवी तिनं सोडलं नसतं.

मग पुन्हा फोन आला. मी घाबरतच उचलला. हे म्हणाले, "बोलू नगो. नुसतं ऐक."

आधी खरखर. आणि मग टकटक, टकटक, टकटक. यांनी फोन मशीनजवळ धरला होता आणि मशीन बाळाच्या छातीचे ठोके ऐकवत होतं. केवढी घाई त्या ठोक्यांना! भरधाव, न थांबता, थेट माझ्या शिलाई मशीनची चाल. मी रडत होते, हसत होते. "परत लावा हो," मी म्हटलं, "परत लावा!" पलीकडून सिस्टरचा आवाज आला, "मावशी, हे काय गाणं आहे का?" पण तिनं परत लावलं.

त्या दवाखान्यानं मयुरीच्या नाकातला नमुना मोठ्या तपासणीला पाठवला होता. त्याचा निकाल आला, फ्लूच होता. एक रेघ चुकली होती. तोवर गोळ्या पोटात जाऊन त्यांचं काम सुरू झालं होतं. ताप उतरत गेला, नळी निघाली, आणि एका सकाळी मयुरीनं यांना विचारलं, "आप्पा, त्या दिवशीच्या पेजेत मीठ का न्हवतं?" माझा जीव भांड्यात पडला.

गोळी तेव्हा सुरू झाली नसती तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्याही म्हणाल्या, "ते कुणीच सांगू शकत नाही. वेळेत सुरू केली, एवढंच आपल्या हातात." गर्भार बाईला फ्लूची लस घेता येते, हेही त्यांनी तेव्हा सांगितलं. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. तुमच्या घरात कुणी गर्भार असेल तर तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारा. आणि तपासायला जाल तेव्हा घरात कोण कोण आहे ते कुणी विचारायची वाट न बघता सांगून टाका. म्हातारं माणूस, तान्हं मूल, दम्याचं कुणी. मी ते फुशारकी मारता मारता सांगितलं, पण सांगितलं म्हणून निभावलं.

मयुरी घरी आली त्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. "माझा राग आला असेल ना?" मी नाही म्हटलं. मग त्या जरा अडखळून म्हणाल्या, "तुम्ही एक रेघ सांगितलीत तेव्हा मी पेढे आणून वाटलेसुद्धा होते." मग आम्ही दोघी जणी, एक निपाणीत आणि एक बेळगावात, कितीतरी वेळ हसत होतो.

वाटी

डोहाळजेवण नवव्यात केलं. आठवा चालत नाही, नववा चालतो. हिरवा ब्लाऊज दोन्ही बाजूंनी उसवून सैल करावा लागला, आणि एवढ्या आनंदानं मी आजवर कुठलीच शिवण उसवलेली नाही. विहीणबाई पाच पक्वान्नं घेऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनाही आग्रहानं बोलावलं होतं.

शेवटी दोन झाकलेल्या वाट्या मयुरीसमोर ठेवल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मयुरीनं झाकण काढलं, पेढा! बायकांनी एकच गलका केला. मीही हात वर करून ओरडणार, तोच डॉक्टरीणबाईंकडे नजर गेली. त्या भुवया उंचावून बघत होत्या.

"आक्का, एकाच वाटीवर?"

मी हात खाली घेतले.

मुलगी झाली! गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची, आणि रडायलासुद्धा घाई. आता ती माझ्याकडेच आहे. यांना सक्त ताकीद दिली आहे, वखारीतून आल्यावर मागच्या दारानं यायचं, अंघोळ करायची, कपडे बदलायचे आणि मगच नातीला हात लावायचा.

काल यांना राहवलं नाही. पुढच्या दारानं आले, तसेच सदऱ्यासकट पाळण्यावर वाकले, आणि ती इवलीशी शिंकली. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा. घरात सगळे जागच्या जागी थांबले. मयुरीनं माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे.

"खकाणा हाय गं," हे ओशाळून म्हणाले. "खकाणाच हाय."

मी हात धुतले, पुसले, नातीच्या कपाळावर पालथा हात ठेवला आणि वाट बघितली. कपाळ गार होतं. मग तळपाय बघितले, पोट बघितलं, तिनं दूध ओढलेलं बघितलं. आणि मगच यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं, कारण या खेपेला तो खरोखरच खकाणा होता.